देवकाते सरांचा गप्प बसवण्याचा इलाज

देवकाते सरांचा फोन वाजला की ते तो आधी पालथा घालायचे आणि मग मलाच विचारायचे, "कोण बोंबलतंय?" आता पालथा फोन मला कसा दिसणार? पण तसं म्हणायची सोय नव्हती. माणच्या माळावरून येऊन मलकापुरात संगणकाची कंपनी काढलेल्या या माणसाला हाताखालच्या माणसानं उलट बोललेलं खपत नसे, आणि मी त्यांच्याच नोकरीत. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की "गप गं जरा" ठरलेलं.

सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचा संगणक होता. ऐन हंगामात तो सारखा बंद पडू लागला. उसाच्या गाड्या खोळंबल्या. चेअरमन काट्यावर आले, तेव्हा सगळ्या गाडीवाल्यांसमोर सर छाती काढून म्हणाले, "आमची सिस्टिम मरत न्हाई. कोणतरी हात लावतंय." काट्यावर बसायच्या शोभाताई. वजनात फेरफार करायला त्याच मुद्दाम बंद करतात असं ठरलं आणि बाईंना घरी बसवलं.

संगणक कशानं मेला हे कळायची एक सोय असते. मुख्य कर्नल, म्हणजे सगळा संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कोसळला की राखीव जागेत दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याच्या मेमरीची नक्कल डिस्कवर उतरवतो. त्याला डंप म्हणतात. तो मिळाला तर शोभाताई सुटणार होत्या. पण तो पुरा होईचना. घरमालक गेल्याचं ठाऊक नसलेला दूधवाला दारात हाका मारत राहतो, तसं काटा संगणकाला जोडणारं कार्ड जुन्या कर्नलसाठी इंटरप्ट, म्हणजे "इकडे बघा" अशा हाका, पाठवतच होतं. नव्याला त्याची ओळख नव्हती, म्हणून तो तिथंच अडकायचा.

सरांनी स्वभावाला शोभेल असाच इलाज केला. त्या हाका येतात ती लाइनच बंद! आता त्याच लाइनवर डिस्कही होती. तिनं "लिहून झालं, पुढचं द्या" म्हटलेलं कुणाला ऐकू येईना, आणि डंप पुन्हा अर्ध्यावरच. मी म्हटलं, सर, सुरुवातीलाच फक्त कार्ड रीसेट करू आणि डिस्कचं ऐकत राहू. "गप गं." आठवड्यानं हीच युक्ती त्यांना आंघोळ करताना स्वतःहून सुचली. धन्य!

डंप पुरा आला. दोष निघाला ते कार्ड चालवणाऱ्या, सरांनीच लिहिलेल्या ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये. त्यांनी तो लपवला नाही, हे मी मान्य करते. चेअरमनांना फोनवर रुबाबात म्हणाले, "चूक माझी, पण हुडकली बी मीच." मला असा संताप आला!

कामावर परत बोलावलं तरी शोभाताई येईनात. गावात चोर म्हणून नाव झालेलं. मग मी सरांना ओढतच त्यांच्या घरी नेलं. सोप्यात बसून सरांनी इंटरप्ट, लाइन, रीसेट सगळं समजावलं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, ह्यातलं मला काय बी कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तवा सगळ्या काट्याम्होरं बोलला हुता. आता बी तितंच सांगा."

दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या रांगेसमोर उभं राहून सरांनी सांगितलं. आवाज इतका खाली गेलेला, की मागचे गाडीवाले म्हणाले, ऐकू आलं न्हाई. मग त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.