साहेबानं थुंकणं सोडलं

बोर मारताना भोकाभोवती धुरळ्याचा ढीग साचत जातो, बघा. पाणी लागो न लागो, ढीग साचतोच. किश्श्यांचं तसंच आहे. दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यांत आमच्या रिगनं जालना भागात भोकंच भोकं पाडली. त्यातली कैक आता बुजली, किस्से मात्र बुजेनात! रशीदभाई असता तर त्यानं माझ्याहून झ्याक सांगितले असते. तो राह्यला न्हाई, म्हणून तुम्हाला माझ्यावर भागवावं लागतंय. मी चौथी नापास. आधीच सांगितलेलं बरं!

तर मंडळी कोण कोण? रशीदभाई ड्रिलर, जुन्या जालन्याचा. मशीनचा दांडा त्याच्या हातात. मी बबन, हेल्पर. हेल्पर म्हणजे पोरगा समजू नका, मला तेव्हाच दोन लेकरं होती. आणि आमचा एरिक साहेब. मशीन स्वीडनची, म्हणून तिच्यामागं माणूसही स्वीडनचा आल्ता. पण मधली बरीच वर्षं त्यानं अमेरिकेत बोर मारण्यात घालवली होती, आणि तिथून दोन गोष्टी उचलल्या होत्या. एक टोपी, दुसरी तंबाखूची डबी. मराठी मात्र आमच्याकडूनच शिकला, मोडकीतोडकी.

*

डबीतली तंबाखू काळी, ओली, बारीक चिरलेली. खालच्या ओठात चिमूट दाबायची, आणि मंग दिवसभर पिच्‌ पिच्‌! थुंकायला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा. साहेब मशीनवर चढला की डबा चढला, साहेब खाली आला की डबा खाली आला.

मला कुठं गप बसवतंय? एके दिवशी डबीतली तंबाखू काढली आणि चहाचा उकळलेला चोथा भरून ठेवला. साहेबानं चिमूट लावली. मी आणि रशीदभाई कंप्रेसरमागं तोंडात रुमाल कोंबून उभे. साहेब शांत. दुपार झाली, तरी शांत. जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"बबन, आज तंबाखू लई भारी. फक्त साखर कमी!"

दुसऱ्या दिवशी माझ्या तंबाखूच्या चंचीत मशीनचं ग्रीस निघालं.

*

वडीगोद्रीच्या अलीकडं एक वस्ती होती. तिथं गयाबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. नवरा कधीच गेल्ता. लेक नवीन जालन्यात हमाली करायला गेला तो तिकडलाच झाला. म्हातारी दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सकाळ-संध्याकाळ पार ओढ्यापलीकडून घागर आणायची. ओढा म्हणजे नावाचा. वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं भरायची.

त्या वस्तीवर आम्ही बोर घेतला. सगळी वस्ती रिकाम्या घागरी घेऊन रांगेत बसलेली. दिवसभर नुसता कोरडा धुरळा! संध्याकाळी साहेबानं हात हलवला. मशीन बंद झाली. आणि सवयीनं साहेब डब्यात थुंकला. पिच्‌!

गयाबाई उठली.

"आरं ए लाल तोंड्या! हितं माझ्या तोंडात थुंकी उरली न्हाई, आन तू डबा भरून राह्यला व्हय रं?"

साहेबानं विचारलं, "काय म्हणते?"

रशीदभाई तसा अदबीचा माणूस. म्हणाला, "कुछ नहीं साहेब. राम राम बोलती है."

"राम राम एवढा मोठा नसतो. बराबर सांग."

मंग रशीदभाईनं बराबर सांगितलं. साहेब टोपी काढून म्हातारीसमोर गेला. "मावशी," म्हणाला, "मी कधी थुंकू?"

हा सवाल तिला कधी कुणी केला नसावा. तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. मंग म्हणाली, "पानी लागलं की थुंक. पयली पिचकारी माझ्या दारात मार, म्या काय म्हननार न्हाई! पर तवर न्हाई."

साहेबानं ओठातली तंबाखू काढली आणि मातीत पुरली. डबा मला दिला. अमेरिकन तंबाखूची एक बंद डबी उरली होती. ती त्यानं रिगच्या खांबाला तारेनं बांधून टाकली.

मी ती एकदा सोडायला गेल्तो. नुसती गंमत! साहेबानं माझा हात धरला. चोथा हसत चघळणारा माणूस, पण त्या दिवशी हसला न्हाई. "ती मावशीची," म्हणाला.

*

आता तंबाखू सोडणं आणि थुंकणं सोडणं यात फरक आहे. साहेबानं बहिणीला लिहिलं आणि तिनं गावाकडची तंबाखू पाठवली. स्नूस म्हणतात तिला. दळलेली, मीठ लावलेली, ओली. वरच्या ओठात ठेवायची आणि विसरून जायचं. थुंकायची गरजच न्हाई! साहेबाचा बाप हीच खायचा म्हणे. अमेरिकेत जाऊन पोरगा बिघडला होता, आमच्या म्हातारीनं त्याला परत बापाच्या वाटेला लावलं!

पार्सलात दोन तऱ्हा होत्या. एक सुट्टी, चिमटीत गोळी करून लावायची. दुसरी नवीन निघालेली, इवल्या कागदी पुड्यांत भरलेली. पुड्या साहेबानं बाजूला फेकल्या. बोटं चोळत म्हणाला, "पुडीतली तंबाखू म्हणजे सदरा घालून आंघोळ!"

रशीदभाई म्हणाला, "साहेब, पहले आंघोळीचं पानी तर काढा!"

पार्सल येईस्तोवर साहेबानं मशीन दुरुस्तीचं निमित्त काढून रिग वस्तीवरच थांबवली होती. शेवटी सरकारी ओव्हरसियर हुकूम घेऊन आला. बोर कोरडा गेला, उद्या रिग हलवा. आणखी एक भोक घेऊ म्हणून साहेब त्याच्याशी वाद घालून राह्यला होता. रशीदभाईनं पाहुणा आला म्हणून चहाला पाणी ठेवलं. साहेबाकडं बुडवायच्या चहाच्या पुड्याही असायच्या. रशीदभाईनं बाजूला पडलेल्या पुड्या बघितल्या, मूठभर उचलल्या आणि पातेल्यात सोडल्या. माझ्या ध्यानात आलं होतं. पण पाहुण्याच्या चहात आपण कशाला नाक खुपसावं?

ओव्हरसियरनं कप रिकामा केला. म्हणाला, "कडक आहे." मंग पिवळा पडला. मंग हिरवा. मंग जो लिंबाखाली आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. तोवर साहेबानं वस्तीवर दुसरं भोक अर्ध्याच्या खाली नेलं होतं! गयाबाई त्या लिंबाकडं बघून म्हणाली,

"उठतोय वाटतं. त्येला आनखी एक कप पाजा रं!"

लई हसलो त्या दिवशी. संध्याकाळी दुसरं भोकही कोरडं गेलं.  म्हातारीनं उपडी घागर सरळ केली, पदरानं आतून पुसली, जसं काही तिच्यात पाणी भरायचंच आहे, आणि ओढ्याकडं चालायला लागली.

*

रिग पुढं जांब समर्थकडं गेली, मंग आणखी कुठं कुठं. पण वडीगोद्रीच्या रस्त्यानं गेलो की साहेब वस्तीवर थांबायचाच. म्हातारी लांबूनच ओरडायची, "थुंकला का रं?"

"न्हाई मावशी!"

"ओठ दाव!"

एवढा सहा फुटी गोरा माणूस, वाकून ओठ दाखवायचा. ती बोटानं ओठ उचलून बघायची आणि पसंतीची मान हलवायची. मी रशीदभाईला म्हणायचो, "बैलाचे दात बघून राह्यली. घेते वाटतं इकत!"

एकदा साहेबाचं पार्सल कुठं तरी अडकलं. डबी रिकामी. साहेब नुसता करवादून राह्यला. रशीदभाईनं मायेनं आपली तंबाखू-चुना मळून दिली. साहेबानं ती वरच्या ओठात ठेवून दिली, स्नूससारखी! चुन्यानं ओठ असा सुजला, की म्हातारीनं बघितल्या बघितल्या विचारलं, "कुनी मारलं रं तुला?"

सगळं ऐकून घेतलं तिनं. तिची मशेरीची तंबाखू होती, ती जात्यावर दळली. मीठ टाकलं, खायचा सोडा टाकला. आता ओली करायची. घागरीत तळाला होतं तेवढंच पाणी. तिनं वाटी बुडवली. साहेबानं तिचं मनगट धरलं.

"मावशी, न्हाई."

"सोड. पाव्हना हायेस."

वाटीभर पाणी तिनं त्यात ओतलं. कालवून बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी पत्र्यावर उन्हात ठेवली. दिवस मावळल्यावर साहेबानं पहिली चिमूट लावली. डोळे मिटून बसला तो बसलाच. मी म्हणालो, "काय साहेब, साखर कमी?"  मला वाटतं, माझा तेवढा एकच विनोद वाया गेला असेल.

ती तंबाखू त्यानं डबीत अशी पुरवून पुरवून खाल्ली, की नंतर पार्सल आलं तरी ते फोडलं न्हाई.

*

दुसऱ्या उन्हाळ्यात साहेब ओव्हरसियरच्या मागं लागला. त्या वस्तीवर अजून एक भोक. ओव्हरसियर कंटाळून म्हणाला, "घ्या एकदाचं! पण मी तिथं चहा पिणार न्हाई!"

वस्तीवर रिग लावायला गेलो. कुणी ओरडलं न्हाई. गयाबाईच्या दाराला बाहेरून कडी.

शेजारची सोनाबाई म्हणाली, "गेली की ती. उन्हात खडी फोडता फोडता बसली, ती उठलीच न्हाई. आदल्या दिशीच म्हनत होती, त्यो लाल तोंड्या येनार हाय म्हनून."

 साहेब तिच्या अंगणात गेला आणि टाचेनं जमिनीवर खूण केली.

रशीदभाई हळूच म्हणाला, "साहेब, जमीन इथं नीट दिसत न्हाई. त्या बाभळीकडं घेऊ."

"इथं."

मशीन सुरू झाली. धुरळा, धुरळा, नुसता धुरळा. बायका तोंडाला पदर लावून बसल्या. उन्हं कलली. साहेब बंद करा म्हणेना, आणि आमची विचारायची हिंमत होईना. आणि मंग धुरळा ओला झाला. रशीदभाईनं मुठीत घेतला, दाबला, बोटांतून चिखल निघाला. तो ओरडेपर्यंत भोकातून पाणी उडालं ते थेट म्हातारीच्या दारावर!

अख्खी वस्ती नाचायला लागली. घागरी, हंडे, कुणी कढई घेऊन आलं. रशीदभाई कंप्रेसरमागं डोळे पुसून राह्यला होता. मी म्हणालो, "काय झालं?" तर म्हणे, "धुरळा गेला डोळ्यात." आता कुठला धुरळा? सगळा चिखल झालेला!

मला काही तरी केल्याशिवाय राहवेना. रिगवर चढलो, खांबाची तार सोडली आणि ती अमेरिकन डबी साहेबासमोर धरली. "घ्या साहेब! पानी लागलं. दारही तेच हाय. थुंका आता खुशाल!"

साहेबानं डबी घेतली, अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि खिशात टाकली. दुसऱ्या खिशातून आपली डबी काढली. तळाला म्हातारीची शेवटची चिमूट होती. तिची गोळी केली, वरच्या ओठात ठेवली. मंग त्या कडी लावलेल्या ओल्या दाराकडं बघत म्हणाला,

"थांब बबन. आधी मावशीला इचारतो."