दादाचं मुंडकं
विश्रामबागेतल्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. त्या दिवशी धड्यात 'डिकॅपिटेट' शब्द आला. म्हणजे शिरच्छेद करणं. पोरं पेंगत होती, म्हणून फोड करून सांगितली. लॅटिनमध्ये 'डी' म्हणजे वेगळं, 'कापुट' म्हणजे डोकं. त्याच डोक्यातनं सैन्यातला 'कॅप्टन' निघाला आणि 'पर कॅपिटा'सुद्धा, म्हणजे आपलं दरडोई. मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "मॅडम, मुंडकं छाटलेला माणूस दरडोईत धरायचा का?" वर्ग हसला. मीही हसले.

तास संपतो न संपतो तोच कडेगावहून चुलतभावाचा फोन आला. माझा थोरला भाऊ, दादा, सकाळी कारखान्याला ऊस घेऊन निघाला होता. "आक्का, दादाचं मुंडकं तुटून वड्यात पडलं. लय वंगाळ झालं," एवढं तो बोलला आणि फोन कटला.

मी फोन परत परत लावला, लागेना. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी मला गाडीत घातलं. वाटभर डोक्यात तेवढंच, डी आणि कापुट, डी आणि कापुट. फळ्यावर खडूनं लिहिलेला तो शब्द अजून पुसलासुद्धा नव्हता.

ओढ्याशी पोचले तर दादा बांधावर बसून चहा पीत होता. मी चुलतभावाला धरला. "मेल्या, मुंडकं तुटलं म्हणालास न्हवं रं?"

"व्हय की. ते काय, खाली पडलंय."

उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती आणि तिची पिन तुटून सुटलेला ट्रॅक्टर ओढ्यात उताणा पडला होता. ट्रॉलीपुढच्या ट्रॅक्टरला आमच्याकडे मुंडकंच म्हणतात. हे ऐकतच मी वाढले, आणि लॅटिन शिकवता शिकवता नेमकं तेवढं विसरले. स्वतःचाच असा राग आला की हसू फुटलं.

मग ध्यानात आलं. "चालवत कोण होतं?"

"मीच की," दादा म्हणाला. "कलंडाय लागलं तशी उडी टाकली." माझं हसू तिथंच आटलं.

सांजच्याला वहिनीनं पीठ मळायला घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "वन्सं, जेवायला किती डोकी हायती?"

मला मोजताच येईना. दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी हे धर."