ओट्यापर्यंत पोचणारा नळ

शेषाद्रीमामांनी आयुष्यात स्वतःच्या मनाने एकच वस्तू विकत घेतली, आणि ती म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. बाकी सगळं, अगदी त्यांच्या शर्टाचं कापडसुद्धा, चंद्रिकामामी निवडायची. मामा एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झाले. तिथे साहेबाचं ऐकायचं, अण्णा नगरात घरी आलं की मामीचं, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मी त्यांची शेजारीण, मूळची साताऱ्याची, बँकेच्या बदलीने इथे तमिळ मुलखात आले आणि इथलीच झाले. ते दोघं तंजावरकडचे मराठी. त्यांची ती जुनी, तमिळच्या हेलातली मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढे तीच ऐकायला मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले.

मामीचं स्वयंपाकघर म्हणजे किल्ला. "केस बांध, मग ये," हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. शुक्रवारी तेल लावून शिकेकाईने न्हायली की केस पंचात गच्च गुंडाळल्याशिवाय ती स्वतःसुद्धा आत पाऊल टाकत नसे. एकदा साराच्या पातेल्यात केस निघाला. कोणाचा, कसा आला, काही चौकशी नाही. अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं.

"अगो, एक केसच कीं," मामा म्हणाले.

"आपल्या घरीं असलें चालत नाहीं," मामी म्हणाली. मामा ताकभात खाऊन ऑफिसला गेले, आणि वर ही गोष्ट चार जणांना कौतुकाने सांगत सुटले.

गेल्या वर्षी मामीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन ती चार पावलं चालूही लागली, पण उजवा हात गेला तो गेलाच. पातेल्यात पाणी भरायचं आणि ते सिंकमधून उचलून गॅसवर ठेवायचं, हे डाव्या हाताला जमेना. मग मामी खोलीतून सांगणार आणि मामा करणार, असा संसार सुरू झाला. मामांच्या सांबाराबद्दल मी काही बोलत नाही. मामीही बोलेनाशी झाली, आणि त्याचीच मामांना धास्ती वाटायला लागली. आधी ती निदान ओरडायची.

मामांनी मनाशी एकच धरलं. पातेलं उचलावं लागलं नाही तर ही पुन्हा ओट्याशी उभी राहील. ओट्याशी उभी राहिली की पुन्हा आपल्यावर ओरडेल. पातेलं जर पाण्याकडे जात नसेल, तर पाणीच पातेल्याकडे न्यायचं.

त्यांची मुलगी कीर्तना शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने फोनवर नळांची चित्रं दाखवली. पण मामांना वस्तू हातात धरून पाहायची होती. मला बरोबर नेलं, कारण बँकेतली बाई सोबत असली की दुकानदार फसवत नाही, अशी त्यांची समजूत. दुकानातल्या माणसाने आधी उंच मानेचा, झोकदार नळ पुढे केला. त्याचं तोंड धरून खाली ओढलं की पाइपसकट खाली येतं. मला आवडला. मामांनी मान हलवली, "वर ताटांची मांडणी आहे, आपटेल." मग दुसरा आला. बुटका, साधा, तोंड समोर ओढलं की पाइप सरळ बाहेर येणारा. मामांनी खिशातून सुतळी काढली. सिंकपासून गॅसपर्यंतचं अंतर त्यांनी घरून मापून आणलं होतं. सुतळी पाइपला लावली, पाइप पुरला. तरी मामांचं हलायचं नाव नाही. नळ ओढायचा, सोडायचा, पाइपला खाली अडकवलेल्या वजनाने तो आपोआप परत जातो का पाहायचं, पुन्हा ओढायचा. शेवटी दुकानातला माणूस तमिळमध्ये म्हणाला, "सार, लग्न आहे का याच्याशी?" मामा हसले नाहीत.

नळ बसला. मामीने दारातूनच पाहिला. "ज्याचें तोंड खरकट्यांत जातें, त्याचेंच पाणी देवास?" ती म्हणाली. मला तर आनंद झाला, बाई निदान भांडायला लागली! मामांनी तिथल्या तिथे कबूल केलं की खरकटी भांडी मागच्या बाल्कनीत धुतली जातील, या नळाचं तोंड एकाही उष्ट्या ताटाला लागणार नाही. शब्द पाळलाही. बादली घेऊन बाल्कनीत बसायचे. उन्हाळ्यात टँकरचं खारट पाणी यायला लागलं आणि नळाच्या तोंडाच्या बारीक भोकांवर पांढरे खडे धरले, तेव्हा ते तोंड चिंचेच्या पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने घासत बसायचे. जावयासारखी बडदास्त. आणि हे सगळं ज्या बाईसाठी, ती त्या नळाला हात लावत नव्हती.

एका सकाळी मी वाटी परत करायला गेले, तर मामी ओट्याशी उंच स्टुलावर बसलेली. आपणहून आली होती. गॅसवर डाळीचं पातेलं, बाजूच्या फळीवर देव, देवापुढे तेवता दिवा. मामीने डाव्या हाताने नळाचं तोंड ओढलं. पाइप सरळ आला, पातेल्यापर्यंत पोचला, पाणी डाळीत पडू लागलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेचा निकाल लागला.

मग तिची बोटं सुटली. तोंड उलटं फिरलं, पाण्याचा फवारा भिंतीवर, तिथून देवांवर. मामांनी झेप घेऊन नळ बंद केला. दिवा विझला होता.

"काही नाही हो मामी, पुसून टाकू," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

मामी त्या दिव्याकडे पाहत राहिली. "पुरे," म्हणाली, काठी घेतली आणि खोलीत गेली. त्यानंतर ती स्वयंपाकघरात आली नाही.

मे महिना आला. मोरीत मामी एकदा घसरली होती, तेव्हापासून डोक्यावरून अंघोळ बंद होती. घामाने केसांच्या जटा झाल्या होत्या. रविवारी कीर्तना आली, आईच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "अम्मा, खुर्चीवर बस, किचनच्या सिंकमध्ये धुते. हा पाइप आहेच, ईझी."

मामा ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "वेड लागलें काय तुज? केस? स्वयंपाकघरांत?"

आणि ते मामीकडे पाहू लागले. मीही. आता ही कडाडणार, पोरीला फाडून खाणार. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, बोला हो मामी, बोला.

"धूं दे तिज," मामी म्हणाली. "तुमचें आहे आतां तें स्वयंपाकघर. मज काय त्याचें."

सिंकला पाठ करून खुर्ची मामांनीच लावली, मामीची मान पंचावर टेकवली. नळ त्यांनीच धरला, कीर्तनाने शिकेकाई चोळली. तोंड अलगद पुढे आलं, कपाळापर्यंत पोचलं, पाणी हवं तसं मऊ पडलं. त्या नळाचं सगळं त्या दिवशी जमलं. मला तो उपटून रस्त्यावर फेकावासा वाटत होता.

पुढच्या आठवड्यात मी दुपारी त्यांच्याकडे गेले तेव्हा दोघं जेवत होते. मामीच्या वाटीतल्या सारात लांब पांढरा केस तरंगत होता. तिने तो डाव्या हाताने काढला, ताटाच्या कडेला लावला आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली.

मामा उठले. तिच्या हातातून वाटी घेतली, गॅसवरचं पातेलं उचललं आणि अख्खं सार सिंकमध्ये ओतलं.

"कशास?" मामी म्हणाली. "चालतें कीं."

"आपल्या घरीं असलें चालत नाहीं," मामा म्हणाले, आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा डाळ धुवायला लागले.