खडपावरची मारामारी

मॅट्रिक झाल्यावर मला ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मोजणीदाराची नोकरी लागली. राहायला कोपरीत होतो. पन्नासच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, घोडबंदरच्या खाडीबाहेर समुद्रात पसरलेल्या खडपाचा, म्हणजे भरतीला बुडणाऱ्या खडकाचा, नकाशा करायचं काम आमच्याकडे आलं. खडक कुठे संपतो, वाळू कुठे लागते, खडकाला चिकटलेली शिंपल्यांतली कालवं कुठवर आहेत, सगळं कागदावर आणायचं. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा होडीतून सोडायचा आणि खोली वावांत मोजायची. गोळ्याच्या बुडाला चरबी माखलेली असे. तिला तळाची वाळू नाहीतर शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई.

होडी तिथल्याच कोळीवाड्यातल्या एका तांडेलाची होती, हाकायचाही तोच; बरोबर मी आणि आमच्या कचेरीतले साहेब. ओहोटीला खडपाचा माथा उघडा पडला की आम्ही खुणेसाठी पहारीनं भोकं पाडून बांबू ठोकायचो. एके सकाळी पोचलो तर सगळे बांबू उपटलेले. चार-पाच बाया कालवं फोडत बसल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, "कोणी उपटले?"

"मी," त्यांतली म्हातारी म्हणाली. ती आमच्या तांडेलाची आई. "तुमच्या पहारीनं कालवां मेली. हितं बांबू गारू नका."

साहेबांनी तिची टोपली लाथेनं उडवली. ती उठायला गेली तेव्हा तिच्या कानशिलात मारली. म्हातारी धारदार शिंपल्यांवर तोंडघशी पडली, तिचं कपाळ फाटलं. तांडेलानं वल्हं उचललं आणि साहेबांच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्यानं वल्हं परत उगारलं. मी दोरी गुंडाळत होतो. हातातला गोळा मी फिरवला, तो त्याच्या जबड्यावर बसला. तो गुडघ्यांवर आला, थुंकला. रक्तात तीन दात पडले. बाया आमच्यावर शिंपले फेकू लागल्या.

तेवढ्यात भरती लागली. साहेब कण्हत होते. मला होडी हाकता येत नव्हती. तांडेलानं आधी आईला बायांच्या होडीत बसवलं, मग येऊन आमचं वल्हं धरलं. किनाऱ्यापर्यंत तो बाजूला रक्त थुंकत राहिला.

चौकीत साहेबांनी सांगितलं तसं मी लिहून दिलं: पहिला हात तांडेलानं उचलला. म्हातारीचं नावही घेतलं नाही. त्याला चार महिन्यांची कैद झाली.

सुटल्याचं कळल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर जाळं विणत होता. जबडा वाकडाच जुळला होता.

"माझी साक्ष खोटी होती," मी म्हणालो.

"ठावं हाय." त्यानं जाळ्यातून मान वर केली नाही. "नकाशा झाला?"

"झाला."

"खडप दावलंय?"

"दाखवलंय."

"कोनाचं म्हून?"

नकाशात तसं काही लिहीत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. त्यानं गाठ मारली, दातानं सूत तोडायला गेला, जमेना, तेव्हा आईला हाक मारून कोयती मागितली. ती दारात आली. मला ओळखून तिथेच थांबली. मी उठलो आणि ठाण्याची गाडी पकडायला निघालो.