शुक्रवारचा खो-खो

“बसलेली नाय, तयारीत आहे,” असं त्या म्हणायच्या. स्टाफरूममध्ये कुणी सहज “काय मॅडम, बसलात?” म्हटलं तरी उत्तर हेच. आणि खरंच, त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीच्या कडेवर, एक पाऊल पुढे, दुसऱ्या पायाची टाच उचललेली. आम्ही सगळे टेबलाकडे तोंड करून बसायचो, त्या दाराकडे. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्याचं बसणं बघून आपल्यालाच उठावंसं वाटतं.

त्या आमच्या शाळेत खेळाच्या टीचर होत्या, वर्षावर्षाच्या कराराने. शाळा बोळिंजची, इंग्रजी माध्यमाची. तीन बाजूंना टॉवर, मधे एक मैदान. त्या नायगावच्या खाडीकडच्या गावातून यायच्या. तरुणपणी जिल्ह्याकडून खो-खो खेळल्या होत्या, हे मला शिपाईमावशींकडून कळलं. त्या स्वतः फार बोलत नसत, कारण त्यांच्या ‘पानी’वर कुणीतरी हमखास हसायचं. मी बोलत नसे, कारण चार माणसांत माझा आवाजच फुटत नाही. त्यामुळे आमचं बरं जमलं.

खेळाचा तास शाळेत कुणाचाही असतो, हे तुम्हाला माहीत असेल. गणिताचा पोर्शन राहिला, सायन्सची टेस्ट आली, की दारात कुणीतरी उभं.

“मॅडम, तुमचा तास घेऊ का?”

“घ्या.”

“रागावला नाहीत ना?”

“राग कसला? तुमचाच आहे. मी नुसता सांभाळते.”

एकच तास त्या देत नसत. शुक्रवारचा शेवटचा, सहावीच्या मुलींचा, खो-खोचा. गणिताच्या सरांनी एकदा तोही मागितला, तर म्हणाल्या, “सर, तिकडे पाऊल ठेवलंत तर फाऊल देईन.” मैदानातले दोन खांब त्यांनी गावच्या सुताराकडून करून टेम्पोतून आणले होते. दर शुक्रवारी आधी त्यांना पॉलिशपेपर मारायच्या. “खांब टोचला की पोरगी पुढच्या वेळी हात आखडते.”

मी त्या वेळी मैदानाच्या कडेला वह्या तपासत बसायचे. आठ मुली एका रांगेत उकिडव्या, एकीचं तोंड टॉवरकडे, दुसरीचं गेटकडे. धावणारी मुलगी मागून एखादीच्या पाठीवर नुसतीच थाप मारायची आणि बसलेली उठायची. मग शिट्टी.

“नुसता हात चालत नाय. हात आनि आवाज, एकदम. हात लागला आनि आवाज नाय आला, तर उठायचं नाय. कोनी ढकललं तरी नाय.”

एकदा त्यांनी मलाही उठवलं. “टीचर, एक खो द्या बघू.” मी एका मुलीच्या पाठीला हात लावला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मुलगी ढिम्म. सगळ्या खिदळल्या.

“मुंगीला ऐकू गेलं असेल,” त्या म्हणाल्या. “होईल. सवय लागते.”

एकोणतीस ऑगस्टला, क्रीडा दिनाला, आमच्याकडे फोटो असतो. स्टोअररूममधून तीन हॉकी स्टिका निघतात. वर्षभर त्यांचं काम म्हणजे पत्र्यावर अडकलेला बॉल खाली काढणं. त्या वर्षी तीन मुलींनी त्या हातात धरल्या. एकीने उलटी धरली होती. फोटो झाला, स्टिका आत गेल्या. तेवढ्यात त्या मुलीने विचारलं, “टीचर, हॉकी आपला नॅशनल गेम आहे ना?”

“असं कोनी ठरवलेलंच नाय. सरकारला विचारलेलं लोकांनी. सरकार म्हनालं, आम्ही कुठलाच जाहीर केलेला नाय.”

“मग आपला कुठला?”

“शुक्रवारी काय खेळतेस?”

पुढच्या महिन्यात सहावीचा जीकेचा पेपर मी काढला. प्रश्न पुस्तकातलाच होता: भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? मीही लहानपणी तो पाठ केला होता. तपासताना एकामागून एक पेपर वेगळंच सांगू लागला. अर्ध्या मुलींनी लिहिलं होतं, ‘कुठलाही नाही.’ मी फोनवर शोधलं. त्यांचं बरोबर होतं. ऑफिसात मंजूर झालेल्या उत्तरसूचीत मात्र हॉकी होतं. ते बदलायचं तर प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बोलावं लागणार होतं. मी लाल पेन घेतलं आणि फुल्या मारत गेले.

एका गुणाने एका मुलीचा पहिला नंबर गेला. तिच्या वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, की खेळाच्या टीचर मुलांना चुकीचं शिकवतात. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावणं आलं.

“मी खोटं नाय सांगितलं,” त्या म्हणाल्या. “कोनालापन विचारा.”

प्रिन्सिपल मॅडमनी मला विचारलं, “पुस्तकात काय आहे?”

“हॉकी,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. पुढचं वाक्यही खरं होतं आणि ते माझ्या हातातल्या फोनमध्ये होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. धावत मागे आलेल्या मुलीकडे रांगेतली मुलगी बघते, तशा. मी फोनची कड बोटाने पुसत राहिले.

“खेळाच्या टीचरनी खेळ शिकवावा,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. “आणि सहावीचं जीके कच्चं दिसतंय. शुक्रवारचा शेवटचा तास आता जीकेला.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही घ्या.”

बाहेर पॅसेजमध्ये त्या माझ्या पुढे चालत होत्या. मी भरभर गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काही बोलायचं होतं. त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

“नुसता हात चालत नाय, पोरी.”

वर्ष संपेपर्यंत त्या येत होत्या. राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल मी वर्गात घोटून घ्यायचे, आणि त्या खाली रिकाम्या मैदानात खांबांना पॉलिशपेपर मारताना खिडकीतून दिसायच्या. मे महिन्यात त्यांचा करार पुढे झाला नाही. निरोपसमारंभ कराराच्या लोकांना नसतो. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खांबही नव्हते. मैदानात बसगाड्या उभ्या करण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसले होते.

मी अजून तिथेच आहे. शुक्रवारी शाळा सुटली की बसच्या रांगेवर माझी ड्यूटी असते. त्या मुली आता सातवीत आहेत. बसला उशीर झाला की त्या पेव्हर ब्लॉकवर उकिडव्या बसतात, एकीचं तोंड टॉवरकडे, दुसरीचं गेटकडे. बस आली की मी मागून जाते आणि एकीच्या पाठीला हात लावते.

ती उठत नाही. मान जराशी वळवून वाट बघत राहते.