दाराबाहेरच्या चपला

आमच्या बालवाडीत मुलांच्या आयाही शेजारी बसून मराठी शिकतात. चपला दाराबाहेर काढायच्या, ही आमची रीत. लढाईमुळे देश सोडून आलेली जरीना मात्र स्वतःच्या नि लेकीच्या चपला पिशवीत घालून मांडीवर ठेवायची.

"बाई, पळायची वेळ आली तर?" तिनं एकदा विचारलं.

"इथं कशाला पळायचंय?" मी किती सहज म्हणून गेले!

आज लेक पाटीवर अक्षर गिरवत होती, जरीना तिचा हात धरून होती. मांडी रिकामी. चपला बाहेर, सगळ्यांच्या चपलांमध्ये. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी कुणाच्या भरवशावर तिला शब्द दिला? शिकवता शिकवता मीच सारखी उठून दाराशी जात होते, त्या चपला जागेवर आहेत ना, ते बघायला.