हिराची होडी बाणकोटला गेली तेव्हा

हिरा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऐकलं, आणि पुन्हा मेथी निवडायला बसले. मग उठून पंखा बंद केला, परत लावला, दाराला कडी घातली, काढली... त्याला आता पाच आठवडे झाले, पण अजून एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. मी जन्मभर नर्सिंग केलं, माणूस गेल्याचं दुःख मला ओळखू येतं. ही तगमग निराळी आहे. ती कशाची हे सांगायचं, तर हिरा आणि तिचा नवरा वसंत यांचा एक प्रवास सांगायला हवा.

आमची ओळख परळच्या एका हॉस्पिटलात झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी नायगावच्या बीडीडी चाळीतली, नुकतीच नर्स झालेली. लालबागच्या बाजूला गोळीबार झाला आणि आमचा वॉर्ड गिरणी कामगारांनी भरून गेला. वसंत त्यातलाच एक. गोळी बरगडीला चाटून गेली होती. त्याच्याबरोबर आणलेला त्याचा दोस्त शांताराम, एकाच खात्यात शेजारच्या मागावर काम करणारा, दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. वसंतला हे इतक्यात सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिरा वसंतच्या उशाशी बसलेली असायची. वरळी कोळीवाड्यातली मुलगी, कोकणातल्या गिरणी कामगाराशी घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेली. बसलेली म्हणते खरी, पण ती बसायची कुठे? शेजारच्या खाटेवरच्याला पाणी दे, माझ्या हातातली तबकं उचल, खिडकीतून वारा कुठला आहे ते बघ. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तू जेवलीस काय गो? तोंड बघ तुझं." तिथून मैत्री झाली ती कायमची.

जखम भरली, पण वसंत बरा झाला नाही. चार माणसं एकत्र दिसली की त्याला घाम फुटे. गिरणीचा भोंगा झाला की भोईवाड्यातल्या त्यांच्या खोलीत तो भिंतीला पाठ लावून उभा राही. कामावर जायचा, अर्ध्या पाळीतून परत यायचा. गावी जाऊन ये, हवापालट होईल, असं सगळे सांगत. पण गाव बाणकोटच्या खाडीत पार आत. कोकणात जाणारी बोट म्हणजे धक्क्यावर ही गर्दी. एकदा हिरा त्याला घेऊन गेली, तर तो रांगेतून पळत सुटला तो थेट मशीद बंदरला सापडला.

नवरात्र संपल्यावर हिरा माझ्याकडे आली. म्हणाली, "बापाची होडी घेऊन जातो आम्ही. शिडावर. रोज थोडं थोडं, या खाडीतून त्या खाडीत."

"वेडी झालीस? त्याला होडी चालवता येते?"

"त्याला कशाला? मला येते."

तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून लहानपणी त्यानं हिरालाच सुकाणू धरायला शिकवलं होतं. लग्नानंतर ती होडीत चढली नव्हती. बाईमाणूस होडी घेऊन निघणार म्हणून कोळीवाड्यात कुजबुज झाली, पण बापानं एवढंच सांगितलं, "थंडीच्या आत परत ये. मग उत्तरेचा वारा जोर धरतो, येताना तोंडावर बसेल." मी मात्र भांडले. त्याला काही झालं तर तू जबाबदार, असंही बोलले. ती हसली आणि गेली.

पुढचं मी तिच्याकडूनच ऐकलं. कुलाब्याला वळसा घालून त्यांनी किनारा धरला. दिवसा वारा मिळेल तेवढं जायचं, ऊन कललं की भरतीबरोबर एखाद्या खाडीत शिरायचं, काठाला होडी बांधून भात शिजवायचा. वसंतला स्वस्थता नव्हती. होडीत पाणी नसतानाही तो डब्यानं उपसत बसे. "खरवडून तळाला भोक पाडशील," असं हिरा म्हणाली तरी थांबेना. रेवदंड्याच्या खाडीत ते शिरले तेव्हा काठावरून मोर्चा चालला होता. "झालाच पाहिजे" कानावर आलं आणि वसंत होडीच्या तळाशी पालथा पडला. हिरानं होडी पलीकडच्या काठाला नेली आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो तसाच पडल्या पडल्या बोलायला लागला. त्या दिवशी शांताराम निघू या म्हणत होता. वसंतनं त्याचं मनगट धरून ठेवलं. दहा मिनिटं थांब म्हणाला. त्या दहा मिनिटांत गोळी आली.

"मी मारला त्याला. होडी फिरव, हिरा. मला कुठं जायचं नाय."

हिरानं त्याची समजूत घातली नाही. तिनं विचारलं, "त्याची आई कुठं असते?"

आई बाणकोटच्याच खाडीत राहत होती, वसंतच्या गावाच्या थोडं पुढं. "मग तिला सांगायला पायजे," हिरा म्हणाली, आणि सकाळी होडी दक्षिणेलाच काढली.

सासर वाटेत लागलं. तिथं न थांबता ती पुढं गेली. शांतारामची आई अंगणात भात पाखडत होती. वसंतनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हातारीचं सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "माज्या सांगण्यानं तो कदी थांबला नाय. तुज्या सांगण्यानं थांबला व्हय?"

हे माफ करणं होतं की टोचणं, ते दोघांनाही जन्मभर कळलं नाही. म्हातारीचं निम्मं शेत कापायचं राहिलं होतं, माणूस नव्हतं. वसंतनं विळा मागून घेतला. कधी विळा न धरलेली हिराही उतरली. नऊ दिवसांत त्यांनी शेत कापलं, झोडलं, आणि थंडीच्या आत होडी वरळीला परत आली. वसंत पुन्हा गिरणीत पूर्ण पाळी करू लागला. पण दरवर्षी कापणीला दोघं तिकडं जात राहिली, पुढं एस.टी.नं, म्हातारी होती तोवर. ती त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही.

आता माझं. परत आल्यावर हिरानं हे सगळं मला नायगावच्या आमच्या गॅलरीत बसून सांगितलं, आणि मग विचारलं, "शांताराम तुझ्याच वॉर्डात गेला ना? काय बोलला होता का गो?"

मी म्हणाले, "नाही. शुद्धीवर नव्हता."

तो बोलला होता. "वसंताला सांगा, त्यानं हात सोडला होता. मी माझ्या मनानं थांबलो." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, आणि डॉक्टरांची ताकीद होती. गॅलरीत अर्थ कळला. हे शब्द मी इतके महिने पोटात ठेवले आणि तो माणूस होडी खरवडत बाणकोटपर्यंत गेला... कुठल्या तोंडानं सांगू? मग वर्षं गेली. त्यांनी कापणीला जाणं बरंच आहे, म्हातारीला तेवढाच आधार, अशी मी माझी समजूत घातली. म्हातारी गेली. वीस वर्षांपूर्वी वसंतही गेला. मी बोलले नाही.

हिरा जायच्या आधी पंधरा दिवस मी भोईवाड्याला गेले आणि तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे म्हातारी खरं बोलली होती." थोड्या वेळानं, "आता मी कोणाला सांगू, कमल?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी चपला घालून निघाले. त्यानंतर तिचा फोन आला. समोर तिचं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजू दिला.

तेराव्यानंतर मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा तिची मुलगी शैला म्हणाली, "मावशी, तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आई हटून बसली, कोळीवाड्यात ने म्हणून. बाबांची राख तिथंच सोडली होती ना आपण. गुडघाभर पाण्यात उतरली, माझा हात झटकला, आणि किती वेळ बोलत होती. वाऱ्यामुळं मला ऐकू आलं नाही. घरी आल्यावर तुम्हाला फोन लावायला सांगितला. तुम्ही उचलला नाही, तर म्हणाली, घाबरली असेल ती. आपणच रविवारी नायगावला जाऊ. शनिवारी ताप भरला..."

खाटेच्या उशाशी एक हिरवी साडी घडी घालून ठेवली होती, वर ब्लाऊज. रविवारी नेसायला तिनं स्वतः काढलेली. शैलानं अजून ती हलवलेली नाही.